घर सोडण्याची साथ, घरात बसण्याची साथ

२०२०च्या एप्रिल महिन्यात आम्ही काही शिक्षक आणि विद्यार्थी दर बुधवारी संध्याकाळी सात वाजता फोनवर एकत्र येऊ लागलो. महाविद्यालये बंद होती, ग्रंथालयांना कुलपे होती आणि 'घरात राहा, पण रिकामे राहू नका. शरीर हलते ठेवा, मन गुंतवा, माणसांशी संबंध तोडू नका' हा उपदेश वर्तमानपत्रांतून, दूरचित्रवाणीवरून आणि नातेवाइकांच्या निरोपांतून दिवसभर कानांवर पडत होता. साहित्याच्या अभ्यासकांना शोभेल अशा रीतीने आम्ही तो पाळायचे ठरवले आणि बोकाच्चोचे 'डेकामेरॉन' वाचायला घेतले. एकाने एक कथा वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची, मग बोलायचे. आमच्यात एक शिक्षिका होत्या. त्या दर वेळी पहिली पाळी मागून घेत आणि आपली कथा वाचून झाली की थोड्याच वेळात निरोप घेत. त्याचे कारण विचारावे असे आम्हांला जवळजवळ दोन महिने सुचले नाही. प्रस्तुत लेखाचा उगम त्या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

'डेकामेरॉन'ची चौकट आपल्या परिचयाची आहे. १३४८ साली फ्लोरेन्स शहरात प्लेगने हाहाकार माजवलेला असताना सात तरुणी आणि तीन तरुण सांता मारिया नोव्हेल्ला ह्या चर्चमध्ये भेटतात, शहराबाहेरच्या एका प्रशस्त वाड्यात राहायला जातात आणि रोज प्रत्येकाने एक ह्याप्रमाणे दहा दिवसांत शंभर कथा सांगतात. ह्या ग्रंथाकडे साथीच्या काळातील करमणुकीचा नमुना म्हणून पाहिले जाते. पण बारकाईने वाचल्यास त्यात करमणुकीहून व्यवस्था अधिक आढळते. वाड्यात पोचताच पांपिनेआ ही तरुणी सुचवते की ज्याला शिस्त नाही ते फार काळ टिकत नाही. म्हणून रोज एकाने राजा किंवा राणी व्हावे आणि त्या दिवसाचा क्रम ठरवावा. दुपारच्या उन्हाच्या वेळी काय करावे हा प्रश्न निघतो, तेव्हा सोंगट्या आणि बुद्धिबळाचे पट हाताशी असूनही ती कथा सांगण्याचा पर्याय मांडते. तिचे म्हणणे असे, की खेळात एकाचे मन खट्टू होते आणि पाहणाऱ्यांना फारसा आनंद मिळत नाही; कथा एकजण सांगतो आणि सुख सगळ्यांना होते. कोंडलेल्या माणसांनी वेळ कसा घालवावा ह्याविषयी इतका नेमका विचार त्यानंतरच्या कित्येक उपदेशांत सापडत नाही.

त्याच पांपिनेआने आणखीही एक गोष्ट केली. पहिल्या दिवशी राणी झाल्यावर तिने बरोबर आलेल्या नोकरांना कामे वाटून दिली. स्वयंपाक कोणी करायचा, वाढायचे कोणी, खोल्यांची स्वच्छता कोणाकडे, हे नावानिशी ठरवले. आणि बाहेरची बातमी आणायचीच असेल तर आनंदाचीच आणा, अशी सक्त ताकीद दिली. दहाजणांची शंभर कथांची फुरसत ह्या नोकरांच्या श्रमांवर उभी आहे. बोकाच्चोने त्यांची नावे दिली आहेत, एकदा त्यांचे भांडणही रंगवले आहे. कथा सांगण्याची पाळी मात्र त्यांच्यापैकी कोणालाही मिळत नाही.

ह्या ग्रंथाची प्रस्तावना वर्गात फारशी वाचली जात नाही, हे आम्हांला खेदाने नोंदवावे लागते. कारण तिच्यात बोकाच्चो आपला वाचक कोण हे स्पष्ट करतो. पुरुषांना मन रमवायला शिकार आहे, मासेमारी आहे, घोडदौड आहे, व्यापार आहे. स्त्रिया मात्र आईबाप, भाऊ आणि नवरे ह्यांच्या मर्जीने आपल्या खोल्यांच्या मर्यादेत बहुतेक वेळ काढतात. अशा स्त्रियांसाठी आपण हे पुस्तक लिहीत आहोत, असे तो सांगतो. म्हणजे साथीमुळे बाहेर पडलेल्या दहाजणांची ही गोष्ट साथ नसतानाही कोंडलेल्या वाचकांसाठी लिहिलेली आहे. ज्यांच्यासाठी घरात बसणे हा अपवादाचा काळ आहे आणि ज्यांच्यासाठी तोच नित्यक्रम आहे, अशा दोन प्रकारच्या माणसांतील अंतर चौदाव्या शतकातील ह्या लेखकाला दिसले होते. २०२०मध्ये ते आम्हांला दिसले नाही.

त्या दिवसांत दुसरे एक उदाहरण वारंवार दिले जात होते, ते न्यूटनचे. १६६५ साली प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद झाले, न्यूटन वूल्सथॉर्पच्या आपल्या घरी परतला आणि १६६७पर्यंतच्या त्या काळात कलनशास्त्र, प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण ह्यांविषयीच्या त्याच्या विचारांनी मोठी झेप घेतली. ही हकीगत खरी आहे. पण वूल्सथॉर्प ही त्याच्या कुटुंबाची शेतीवाडी होती, तेथे चूल त्याच्यावाचून पेटत होती आणि जमीन त्याच्यावाचून कसली जात होती. घरबंदीत महान कार्य करा असा उपदेश करणाऱ्याने ऐकणाऱ्याच्या घरातली चूल कोणाकडे आहे हे आधी विचारायला हवे.

हाच प्रश्न मनात धरून आपल्याकडच्या प्लेगच्या इतिहासाकडे पाहिले तर काय दिसते? येथे प्रारंभीच एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. ह्या रोगाचा जिवाणू १८९४मध्ये हाँगकाँग येथे येर्सँ ह्यांनी शोधला होता. पण तो उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो ही सिमाँ ह्यांची उपपत्ती १८९८ची, आणि ती सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली. शास्त्राला हे पटायच्या आधीच लोकांना एक खूण कळली होती : घरात उंदीर मरून पडू लागले की घर सोडावे. धान्याची कोठी, मातीची जमीन, कुडाच्या भिंती, सांदीकोपरे ही सगळी उंदरांच्या वस्तीची ठिकाणे होती. म्हणजे प्लेगमध्ये धोका घरातच असे. गावेच्या गावे ओस पडत, माणसे शिवारात झोपड्या आणि पाले टाकून राहत आणि साथ ओसरली की परतत. अनेक ठिकाणी हे एकदा घडून संपले नाही. साथ पुन्हापुन्हा येत राहिली.

करोनाचे गणित ह्याच्या नेमके उलट होते. तो माणसाच्या श्वासातून माणसाकडे जात होता. त्यामुळे उंबरठ्याच्या आत राहणे हा उपाय ठरला. प्लेगने घराला धोक्याची जागा केले, करोनाने त्याच घराला आश्रयाची जागा केले. दोन्ही वेळी कायदा मात्र एकच वापरला गेला. १८९७च्या फेब्रुवारीत मुंबई इलाख्यातील प्लेगच्या निमित्ताने केलेला साथरोग कायदा मार्च २०२०मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू करण्यात आला.

त्या कायद्याचे पुण्यात काय झाले हे आपण शाळेपासून शिकतो. रँडच्या देखरेखीखाली गोऱ्या शिपायांनी घरे तपासली, संशयितांना रुग्णालयात आणि त्यांच्या आप्तांना विलगीकरणाच्या छावणीत नेले, सामान जाळले. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, पुढे चापेकर बंधूंना फाशी झाली आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. मराठी मनात प्लेग म्हणून जे उरले आहे ते प्रामुख्याने हे. ते महत्त्वाचे आहेच. परंतु ह्या राजकीय कथेच्या झोतात त्या काळातले रोजचे जगणे अंधारात राहिले : छावणीत दिवस कसा जात असे, शिवारातल्या झोपडीत मुलांना कोण शिकवीत असे, दुसऱ्या गावी गेलेल्या लेकीची खबर कशी मिळत असे. शिपाई घरात शिरले ह्या अपमानाची नोंद इतिहासाने घेतली. त्या घरात आयुष्यभर कोंडून राहिलेल्या बाईची नोंद त्याच प्रसंगात क्वचितच आली.

अशी बाई तेव्हाच्या पांढरपेशा पुण्यातल्या घराघरात होती. बालविधवा किंवा तरुण विधवा, केशवपन केलेली, शुभकार्यात वर्ज्य, एकभुक्त आणि पहाटेपासून घरकामात जुंपलेली. 'मन गुंतवा' असे तिला सांगण्याची गरज नव्हती, तिचे हात कधीच मोकळे नव्हते. 'माणसांशी संबंध ठेवा' असे तिला कोणी सांगितलेही नसते. तो संबंध तोडणे हाच तिच्या वैधव्याचा नियम होता. ज्याला आज आपण विलगीकरण म्हणतो ते तिच्या वाट्याला कोणत्याही जिवाणूवाचून आले होते.

ह्या स्त्रियांसाठी काम करणारी परंपरा प्लेगच्या आधीची आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी १८६३मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंडिता रमाबाईंनी १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. त्याच्या पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई ह्या विधवा होत्या. १८९३मध्ये त्यांच्याशी पुनर्विवाह करून धोंडो केशव कर्वे ह्यांनी समाजाचा रोष पत्करला आणि १८९६मध्ये, म्हणजे प्लेग मुंबईत उतरला त्याच वर्षी, अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. पुढच्या वर्षी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना तो रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. साथीत माणसांशी जोडलेले राहण्याची सर्वांत मोठी किंमत त्यांनी मोजली.

कर्व्यांचा आश्रम आरंभी पुण्यातच होता. प्लेग शहरात पुनःपुन्हा येत राहिला, तेव्हा १९०० साली आश्रम शहराबाहेर हिंगण्याला हलवण्यात आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले ह्यांनी दिलेल्या माळजमिनीवर एक साधी झोपडी उभी राहिली. ज्या पुण्यात हजारो कुटुंबे शिवारात झोपड्या टाकत होती, त्या पुण्याच्या दृष्टीने ही त्यांच्यातलीच आणखी एक झोपडी. फरक इतकाच, की साथ सरल्यावर इतर झोपड्या मोडल्या गेल्या आणि ही वाढत गेली.

कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. दिवसा तेथे शिकवायचे, संध्याकाळी हिंगण्याची वाट पायी तुडवायची, आश्रमातल्या मुलींना शिकवायचे आणि सकाळी पुन्हा शहराकडे निघायचे, असा त्यांचा क्रम होता. तेव्हा रस्ता असा नव्हताच. पावसाळ्यात चिखल आणि एरवी माळ. आज त्या बाजूला जाणाऱ्या रस्त्याला त्यांचेच नाव आहे आणि वाहनांच्या गर्दीत तो पार करणेही कठीण असते. आश्रमाचा शहराशी असलेला संबंध ह्या रोजच्या पायपिटीने टिकला. शरीर हलते ठेवणे, मन गुंतवणे आणि माणसांशी जोडलेले राहणे ह्या तिन्ही गोष्टी त्या एका वाटेवर घडत होत्या. आणि त्यांतली एकही स्वतःच्या स्वास्थ्यासाठी केलेली नव्हती. पलीकडे कोणीतरी पाटी घेऊन वाट पाहत आहे, हे त्या चालण्याचे कारण होते.

हे लिहिताना आमच्या हातून पुन्हा एका थोर पुरुषाचेच चरित्र लिहिले जाण्याचा धोका आहे, म्हणून दोन गोष्टी नमूद करायला हव्यात. पहिली, कर्वे हिंगण्याच्या वाटेवर असत तेव्हा पुण्यातला संसार गोदूबाई, म्हणजेच आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे, सांभाळीत होत्या. 'माझे पुराण' हे त्यांचे आत्मकथन १९४४मध्ये प्रसिद्ध झाले. कर्व्यांचे 'आत्मवृत्त' १९१५चे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली की एकाच काळाचे दोन दिनक्रम दिसतात. एक संस्थेचा, दुसरा ती संस्था शक्य करणाऱ्या घराचा. दुसरी गोष्ट, आरंभीच्या आश्रमाची दारे सर्व जातींच्या स्त्रियांना उघडी नव्हती. फुले दांपत्याच्या कार्याशी तुलना करताना ही मर्यादा झाकून ठेवता येत नाही.

ह्या मर्यादांसह हिंगण्याचा अर्थ काय? आमच्या मते तो असा : ज्या साथीने बाकीच्यांना घराबाहेर हुसकावले, तिनेच ह्या मोजक्या स्त्रियांसाठी घराबाहेर राहणे शक्य केले. शहरात नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या नजरेखाली वावरणाऱ्या विधवेला माळावर एकान्त मिळाला. आणि घरात जो एकान्त तिच्यावर लादलेला होता, त्याची जागा बरोबरीच्या मुलींच्या सहवासाने घेतली. दिवस तेथेही कामाचाच होता. पाणी भरणे, दळणे, स्वयंपाक चुकत नव्हता. पण त्या दिवसात अभ्यासाचा एक तास राखून ठेवलेला होता आणि तो कोणी हिरावून घेऊ शकत नव्हते. ह्याच आश्रमात शिकलेल्या पार्वतीबाई आठवले ह्या बायांच्या भगिनी. पुढे त्या संस्थेच्या आधारस्तंभ झाल्या, वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या, अमेरिकेलाही जाऊन आल्या आणि १९२८मध्ये त्यांनी 'माझी कहाणी' लिहिली. बोकाच्चोच्या वाड्यात नोकरांना न मिळालेली कथा सांगण्याची पाळी हिंगण्याच्या झोपडीत मिळाली, ती अशी.

आता पुन्हा २०२०कडे येऊ. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. तिच्यातून संबंध टिकवण्याचे जे मार्ग निघाले त्यांतले काही इतिहासात नोंदवून ठेवावेत असे आहेत. त्या वर्षी आषाढीची वारी पायी निघाली नाही. देहू-आळंदीहून पादुका एस.टी.च्या बसने पंढरपूरला गेल्या आणि वारकऱ्यांनी घरी राहून एकादशी केली. शतकानुशतके चालण्यातच जोडलेला समाज त्या वर्षी न चालून जोडलेला राहिला. सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन नव्हता त्यांना गल्लीतच फळा मिळाला. हिंगण्याला गुरुजी विद्यार्थिनींपर्यंत चालत गेले, येथे धडाच विद्यार्थ्यांच्या दाराशी आला.

पण त्याच वर्षी 'घरात राहा' हे वाक्य सर्वांना सारखे लागू नव्हते हेही उघडे पडले. ज्यांचे घर शेकडो कोस दूर होते ते मजूर रस्त्याने आणि रेल्वेमार्गाने चालत निघाले; ८ मे २०२० रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळाजणांचा मालगाडीखाली मृत्यू झाला. धारावीत एका खोलीत आठ-दहा माणसे आणि शौचालय सार्वजनिक. तेथे अंतर राखायचे ते कोणापासून? घरोघर तपासणी करणाऱ्या आशा सेविकांना घरात राहण्याची मुभा नव्हती. आणि राष्ट्रीय महिला आयोगाकडे कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा घर ही सर्वांसाठी आश्रयाची जागा नसते हे सांगायला जिवाणू-विषाणूंचे शास्त्र अपुरे पडले.

शिवाय मध्यमवर्गीय घरांतून घरकामाच्या बाया येणे थांबले. सगळे कुटुंब चोवीस तास घरी, तिन्ही त्रिकाळ खाणे, मुलांचे वर्ग, वृद्धांची औषधे. आणि ह्या सर्वांच्या मधोमध घरूनच करायची नोकरी. ज्या घरांत रिकाम्या वेळाचे काय करावे ही चर्चा चालली होती, त्याच घरांत कोणाकडे तरी रिकामा वेळ नावालाही नव्हता.

जूनच्या आरंभी आमच्यापैकी एका विद्यार्थिनीने त्या शिक्षिकांना सहज विचारले, 'बाई, तुम्ही पहिलीच पाळी का घेता?' त्या म्हणाल्या, 'साडेसातला कणीक मळायला घ्यावी लागते. घरात सात माणसं आहेत.' फोनवर काही क्षण कोणी बोलले नाही. कथा सांगण्याच्या पाळीविषयी आणि नोकरांच्या वगळलेल्या आवाजाविषयी त्याच मंडळात आम्ही दोन आठवड्यांपूर्वी मोठ्या तावातावाने बोललो होतो. त्या चर्चेला त्या नव्हत्या, कारण तेव्हा त्या पोळ्या करीत होत्या.

सात ही वेळ आमच्यापैकी कोणीही मुद्दाम निवडलेली नव्हती. ती ठरवणाऱ्यांना सोयीची होती, एवढेच. पांपिनेआने पहिल्याच दिवशी ओळखलेली गोष्ट आम्हांला तेव्हा उमगली : कोंडलेल्या काळात माणसाला तारून नेणारी गोष्ट म्हणजे ठरलेला क्रम, आणि तो क्रम ठरवण्याची पाळी फिरती असली पाहिजे. तिच्या वाड्यात ती दहाजणांतच फिरली. ती आणखी किती दूरवर फिरते, ह्यावर त्या त्या काळाच्या घरबंदीचा इतिहास लिहिला जावा असे आम्हांला वाटते. साथीच्या इतिहासात मृतांचे आकडे, कायदे आणि लसी ह्यांना जागा आहे. अमुक घरात वाचनाची वेळ कोणी ठरवली आणि पोळ्या कोणी केल्या, ह्या प्रश्नालाही तेथे जागा असावी. साहित्याच्या अभ्यासकांना तो विचारणे जड जाऊ नये. आत्मकथने, पत्रे आणि जात्यावरच्या ओव्या ह्यांतून त्याची उत्तरे आपल्यापुढे पडलेलीच आहेत.

पुढच्या बुधवारपासून वाचनाची वेळ बाईंनी ठरवली, दुपारी साडेतीनची. त्या दिवशी त्यांनी पहिली पाळी घेतली नाही. त्या शेवटपर्यंत थांबल्या आणि शेवटची कथा त्यांनी वाचली.